ग्रेग हेफलीला वर्गाबाहेर का काढलंत?

रानजाई

आमच्या मुलाच्या वर्गाच्या पालकगटावर मध्यंतरी एक लांबलचक पोस्ट आली. 'डायरी ऑफ अ विम्पी किड'ची पुस्तकं सहावीच्या वर्गातल्या कपाटातून काढून टाका, अशी मागणी. डायरी लिहिणारा त्यातला नायक ग्रेग खोटारडा, आळशी आणि दोस्ताला दगा देणारा आहे, मुलं त्याचं बघून बिघडतात, आणि निम्मं पान चित्रांनी भरलेलं असल्यामुळे ते वाचन नव्हेच, असं म्हणणं. भराभर अंगठे पडले आणि आठवड्याच्या आत कपाटातला तो खण रिकामा झाला. मुलांना कुणी विचारलंही नाही. गटावर वाद घालायला बंदी आहे, म्हणून इथे लिहिते.

ग्रेग खोटारडा आहेच. लेखक जेफ किनीने त्याला तसाच घडवलाय. पहिल्याच पुस्तकात ग्रेग आणि त्याचा दोस्त राउली यांच्याकडे बालवाडीच्या मुलांना घरी सोडण्याचं काम असतं. ग्रेग काठीला गांडूळ अडकवून त्या चिमुरड्यांना पळवतो. अंगात राउलीचा कोट, त्यामुळे शिक्षा राउलीला. आई ग्रेगला सांगते, तुला जे योग्य वाटतं ते कर. पठ्ठ्या बराच विचार करतो आणि ठरवतो, की या खेपेला राउलीने शिक्षा भोगणं हेच योग्य. हे वाचताना माझा मुलगा पुस्तक बाजूला ठेवून ओरडला होता, "अगं आई, किती नालायक आहे हा!" लेखकाने कुठेही 'बघा मुलांनो, ग्रेग चुकला' असं लिहिलेलं नाही. मुलाला ते आपलं आपण कळलं.

आपण ज्या गोष्टींवर वाढलो त्यांत हे फार क्वचित होतं. साने गुरुजींचा श्यामही चुकतो, हट्ट करतो, पण ते सांगतो मोठा झालेला श्याम, आश्रमातल्या मित्रांना. त्याला पश्चात्ताप झालेला असतो, आपण तो त्याच्याकडून घेतो. मला ते पुस्तक आजही रडवतं. पण ग्रेगच्या वहीत मोठं कुणी बसलेलंच नाही. निवाडा वाचणाऱ्या पोराने करायचा. अकरा-बारा वर्षांच्या मुलावर एवढा विश्वास टाकणारं पुस्तक तुम्ही कुलपात घालता?

आणि चित्रं. ग्रेग मजकुरात आपल्यावर अन्याय झाल्याचं सांगत असतो आणि खालच्या चित्रात बाकीच्यांचे चेहरे दुसरंच काही सांगत असतात. दोन्ही वाचल्याशिवाय विनोद पोचत नाही. हे वाचन नाही तर काय आहे?

निवृत्त मास्तर

ताई, असहमत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलं. सहावीचं पोर निवाडा करत नाही, ते हसतं, आणि ज्याच्याबरोबर हसतं त्याच्या बाजूचं होतं. तुमच्या मुलाला नालायकपणा दिसला कारण घरात तुम्ही आहात. सगळ्यांच्या घरी तुम्ही नसता.

माझा खरा राग 'चीज टच'वर आहे. शाळेच्या मैदानावर सडलेला चीजचा तुकडा, त्याला ज्याने हात लावला तो बाटला, मग तो दुसऱ्याला शिवला की दुसरा बाटला. माझ्या नातीच्या वर्गात हा खेळ सुरू झाला. एका मुलीवर 'टच' आला आणि तो तिच्यावरच राहिला. डबा खायला तिच्याशेजारी कुणी बसेना. ती मुलगी कोणत्या वस्तीतून येत होती ते मी इथे लिहीत नाही, समजून घ्या. अमेरिकेत तो पोरखेळ असेल. ज्या मातीत पाण्याला हात लावू द्या म्हणून महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं, तिथे 'हा बाटला, याला शिवू नका' हे मुलांना हसत हसत शिकवायचं?

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत ही पुस्तकं शाळेच्या पुस्तकजत्रेत ढिगाने असतात. माझ्या मुलीने सगळी वाचली. रानजाई म्हणतात ते निम्मं खरं. २०१९ मध्ये किनीने तीच दोस्ती राउलीच्या बाजूने सांगणारं पुस्तक काढलं. ते वाचल्यावर मुलगी ग्रेगवर भडकली होती. म्हणजे मुलांना कळतं.

पण माझी तक्रार वेगळी. २००७ साली पहिलं पुस्तक आलं, २०२४ मध्ये एकोणिसावं. ग्रेग अजून मिडल स्कूलमध्येच! चौथ्या-पाचव्या पुस्तकानंतर नवीन काय मिळतं? मुलगी तीच तीच परत वाचते आणि दुसरं पुस्तक हातात धरत नाही. कपाटातून काढू नका, पण त्याला वाचनाची गोडी वगैरे म्हणू नका. सवय आहे ती.

रानजाई

मास्तर, तुमच्या नातीच्या वर्गात झालं ते भयंकर आहे. पण पुस्तक शेवटपर्यंत वाचलंत का? दांडगी पोरं राउलीला तो चीजचा तुकडा जबरदस्तीने खायला लावतात. दुसऱ्या दिवशी तुकडा गायब, सगळी शाळा विचारतेय काय झालं. ग्रेग सांगतो, मी फेकून दिला. म्हणजे 'टच' स्वतःवर घेतो, राउलीला वाचवायला. अख्ख्या पुस्तकात त्याने केलेली ही एकच धड गोष्ट. ज्याला शिवायचं नाही ठरलंय त्याच्या शेजारी जाऊन उभं राहणं, यापेक्षा वेगळं आपण मुलांना काय शिकवणार?

आणि एक स्पष्ट विचारते. ती मुलगी एकटी डबा खात होती तेव्हा वर्गावर कोण होतं? आपल्याकडे मुलांना शिवाशिव शिकायला अमेरिकेचं पुस्तक लागत नाही.

निवृत्त मास्तर

वर्गावर कोण होतं हा प्रश्न मला विचारू नका, मी आयुष्यभर तोच प्रश्न विचारत आलोय. शाळेत भांडायला मीच गेलो होतो. तुम्ही सांगता तो पुस्तकाचा शेवट मला माहीत आहे. पण खेळ पहिल्या काही पानांत आहे आणि शेवट शेवटी. पोरं खेळ उचलतात. त्याच पुस्तकात एक मुलगा 'टच' घेऊन कॅलिफोर्नियाला निघून जातो आणि शाळेची त्यातून सुटका होते. आपल्या मुलीने कुठे जायचं?

जुना पेठकर

इतकं अमेरिकेत शिरायची गरजच काय? बोक्या सातबंडे आहे, फास्टर फेणे आहे. प्रभावळकरांचा बोक्या खोडकर आहे, हसवतो, आणि कुणाचं वाईट करत नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकल मारत पुण्यात चोर पकडतो. मुलांना इंग्रजी शाळेत घालायचं, घरात इंग्रजी पुस्तकं आणायची आणि मग त्यांच्या हक्कांसाठी इथे मराठीत लेख पाडायचे, हा दुटप्पीपणा आहे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

शिवाय एक गोष्ट तुम्ही लपवलीत. किनीने हे मुळात मोठ्यांसाठी लिहिलं होतं, बालपण आठवणाऱ्या वाचकांसाठी. २००४ मध्ये ते 'फनब्रेन' या मुलांच्या संकेतस्थळावर येऊ लागलं, मग प्रकाशकाने ठरवलं की मुलांची मालिका करू. म्हणजे तुमचा तो 'निवाडा' मोठ्या वाचकासाठीच होता.

रानजाई

राग आलाच आहे. लपवलं काही नाही. मोठ्यांसाठी लिहिलं म्हणूनच त्यात शिकवणी नाही, आणि म्हणूनच मुलं ते वाचतात. मोठ्यांसाठीचा विनोद प्रत्येक मुलाला पहिल्या वाचनात कळेल असं नाही, एवढं मानते. त्यापुढे नाही.

आमच्या घरात बोक्याही आहे आणि फेणेही आहे. पण दोघंही शेवटी शाबासकी मिळवणारी मुलं. बोक्याच्या खोडीतून कुणाचं तरी भलं होतं, फेणे संकटात उडी घेतो. ज्या मुलाला कशातच नंबर नाही, ज्याचा थोरला भाऊ त्याला छळतो, ज्याला आपण लोकप्रिय होऊ असं उगीच वाटत राहतं, त्याचं मराठी पुस्तक दाखवा. मी आजच घेते.

शाईचा डाग

ते पुस्तक का नाही हे मी सांगते. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, त्यावर घर चालवायचा प्रयत्न करते.

किनीला वर्तमानपत्रात व्यंगचित्रमालिका काढायची होती, ते जमलं नाही. चित्रं तेवढी सफाईदार नाहीत असं त्याला स्वतःलाच वाटत होतं. मग त्याने एका शाळकरी मुलाच्या हाताने काढायचं ठरवलं. मजकूर आणि चित्र एकाच डोक्यातून, एकाच वेळी. आपल्याकडे मजकूर तयार होतो, टाईप होतो, मग फोन येतो : आठ चित्रं हवीत, पुढच्या सोमवारपर्यंत, मजकुरात आहे तेच दाखवा. मुलगा झाडावर चढला असं लिहिलंय, तर झाडावर चढलेला मुलगा काढा. त्यात विनोदाला जागा कुठून येणार? पैसे एकरकमी, तेही मागून मागून. आवृत्ती कितीही निघाल्या तरी चित्रकाराला त्यातलं काही नाही. माझ्या एका पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत माझं नावच गळलं होतं. विचारलं तर म्हणाले, जागा नव्हती.

माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' किंवा 'यश' उघडून बघा. लिहिणारी आणि काढणारी एकच बाई, म्हणून चित्र मजकुराच्या मागे फरफटत नाही. चिंटू १९९१ पासून घराघरात गेला कारण चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर दोघं मिळून ते करत होते.

जुना पेठकर

प्रकाशकाला शिव्या देणं सोपं आहे. मी त्या धंद्यात उमेदवारी केली आहे. मुलांच्या पुस्तकाची हजाराची आवृत्ती संपायला वर्षं लागतात. विक्रेत्याचं कमिशन, कागद, छपाई, गोदाम. किंमत थोडी वाढवली की पालक म्हणतात, एवढ्याशा पुस्तकाला एवढे? तेच पालक इंग्रजी पुस्तकाला त्याच्या दुप्पट मोजतात. चित्रकाराला मानधनाऐवजी स्वामित्वधन द्यायचं म्हटलं तरी कशातून द्यायचं?

शाईचा डाग

विक्री कमी तर स्वामित्वधनही कमी, ते तुम्हाला परवडलं पाहिजे! विकलं गेलं तर द्या, एवढंच म्हणतेय. लेखकाला टक्केवारी द्यायला जमतं. नाव छापायला कागद किती जास्त लागतो? मुखपृष्ठावर लेखकाइतक्याच अक्षरांत चित्रकाराचं नाव, याला शून्य रुपये खर्च येतो. तेही होत नाही. 'किशोर' मासिकात सरकारी असूनही १९७१ पासून चित्रांचा मान राखलाय, तिथे चांगले चांगले चित्रकार काढत आले. खाजगीत मात्र धंदा आठवतो.

करवंद

धागा विम्पी किडचा आहे, जरा भान ठेवा.

शाईचा डाग

विम्पी किडचाच चाललाय. ते पुस्तक चित्रांमुळे मुलांच्या हातात आहे आणि चित्रांमुळेच कपाटाबाहेर गेलंय. चित्र म्हणजे लहान मुलांची सोय, मोठं झालं की सोडायची, हे पालक म्हणतात तेच प्रकाशकही धरून चालतात.

जुना पेठकर

नावाचा मुद्दा बरोबर आहे. नाव यायला हवं. टक्केवारीबद्दल माझं मत बदललेलं नाही. आणि चित्रकाराने मुदत पाळली नाही की सगळी आवृत्ती अडकते, त्यावर कुणीच बोलत नाही.

शाईचा डाग

मुदत चार दिवसांची देता. महिनाभर द्या, मग बोलू.

एडिसनकर

अवांतर वाढलंय, पण एक भर घालतो. हे पुस्तक २०१५ मध्ये लॅटिनमध्येसुद्धा निघालं, जी भाषा घरात कुणी बोलत नाही. माझी मुलगी मराठी बोलते, वाचताना अडखळते. ओळीओळीत चित्र असलेलं, तिच्या वयाचं मराठी पुस्तक मी भारतवारीत प्रत्येक दुकानात मागतो. पाच वर्षांच्या मुलाची पुस्तकं दाखवतात, नाहीतर शिवचरित्र. मधल्या वयाला काही नाही. पेठकर, मी दुप्पट किंमत देतो. पुस्तक कुठे आहे?

निवृत्त मास्तर

मधल्या वयाचं पुस्तक नाही हे खरं आहे. माझ्या शाळेतही पेटीतली पुस्तकं एकतर चिमुकल्यांची, नाहीतर थोरांची चरित्रं. सहावी-सातवीची मुलं पेटीकडे फिरकत नसत.

कपाट रिकामं करायला मीही सांगितलं नसतं. काढलेलं पुस्तक पोरं बाहेर वाचतात, आणि मग त्यावर बोलायला मोठं माणूस कुणी नसतं. पण नुसतं परत ठेवून भागणार नाही. चीजचं प्रकरण वर्गात मोठ्याने वाचलं पाहिजे, सुरुवातीपासून ग्रेग ते अंगावर घेतो तिथपर्यंत, आणि 'आपल्या वर्गात कुणाला असं बाजूला बसवतात का' हे बाईंनी विचारलं पाहिजे. हे होणार नसेल तर माझा विरोध कायम.

रानजाई

ही अट मला मंजूर आहे, मनापासून. सोमवारी मुख्याध्यापकांना पत्र देते. पुस्तकं परत ठेवा, आणि मास्तर म्हणतात तसं वाचन घ्या. गटावर अंगठा देणाऱ्यांपैकी दोघी पत्रावर सही करायला तयार झाल्यात, त्यांनी पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं. पेठकर, पत्रात बोक्या आणि फेणेही मागते, ग्रेगच्या शेजारच्याच खणात.

शाईचा डाग

अजून एक ओळ घाला. शाळेने मुलांसाठी पुस्तकं घेताना चित्रकाराचं नाव छापलेलीच घ्यावीत.

जुना पेठकर

घाला ती ओळ, मी आडवा येत नाही. पण शाळेने पुस्तकं विकत घ्यावीत. प्रकाशकाकडे फुकट संच मागायचे आणि वर नाव छापा म्हणायचं, हे चालणार नाही. तेही लिहा.