मदत हवी आहे: पुसून टाकलेला तात्पुरता डेटाबेस लोकांना द्यावा लागतो का?

विहीरशोध: तालुक्यातील विहिरींचा नकाशा सोमवारी छपाईला द्यायचा आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा डेटा घेऊन तात्पुरते टेबल केले, नकाशा काढला आणि टेबल पुसले. सहकारी म्हणतात की त्या डेटाच्या ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स) परवान्यानुसार ते टेबल द्यावे लागेल. जे उरलेच नाही ते द्यायचे कसे? कृपया लवकर सांगावे.

रेखांश: टेबलात आणखी काय होते? नुसते प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची रीत) बदलले असेल किंवा डेटा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीमध्ये भरला असेल, तर ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो साधित डेटाबेस (मूळ डेटात बदल किंवा भर घालून बनवलेला) ठरत नाही. नकाशा संस्थेबाहेर जाणार का, हेही तुम्ही लिहिलेले नाही.

सह्यकडा: श्रेयनिर्देश अवश्य छापा. सप्टेंबर २०१२ पूर्वी परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा होता, त्यामुळे जुन्या नकाशावरील श्रेयाचा मजकूर उचलू नका.

विहीरशोध: श्रेय दिले आहे, प्रश्न तो नाही. गावोगाव फिरून नोंदवलेल्या विहिरी आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवरील विहिरींशी ताडून पाहिल्या, दुहेरी नोंदी काढल्या आणि जिथे खोली नव्हती तिथे आमची भरली. नकाशा ग्रामपंचायतींना वाटणार आहोत.

मुक्तस्रोत: छापील नकाशा हा डेटाबेस नव्हे. टेबल पुसले, विषय संपला.

रेखांश: असहमत. परवान्याच्या कलम ४.६ मध्ये टेबल किती काळ टिकले याला महत्त्वच नाही. साधित डेटाबेसपासून बनलेला नकाशा लोकांपर्यंत पोहोचला की तो घेणाऱ्यांना एकतर संपूर्ण डेटाबेस द्यावा लागतो, नाहीतर केलेले बदल किंवा ते करण्याची पद्धत, भर घातलेल्या माहितीसह. पुसण्याने सुटका होत असती, तर प्रत्येकाने नकाशा काढताच टेबल पुसले असते आणि ज्यांनी उन्हातान्हात फिरून मूळ नोंदी केल्या त्यांच्या हाती काहीच परत आले नसते.

मुक्तस्रोत: मग क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालताना क्षणभर तयार होणारी टेबलांची प्रत्येक जोडणीही जपून ठेवायची का? परवान्यात अशा डेटाबेसला स्पष्ट सूट हवी होती.

रेखांश: जपायची गरज नाही, म्हणून तर पद्धत देण्याचा पर्याय आहे. स्क्रिप्ट (बदल करणाऱ्या आज्ञांची फाइल) आणि सर्वेक्षणाची फाइल दिली की पुरते.

पाणवठा: त्यापेक्षा सर्व विहिरी ओपनस्ट्रीटमॅपवरच नोंदवा. मी आमच्या गावाच्या तशाच नोंदवल्या.

विहीरशोध: नंतर नक्की करू, सोमवारपूर्वी ते होणार नाही. स्क्रिप्ट आहे. मात्र विहीरमालकांचे दूरध्वनी क्रमांक वेगळ्या फाइलमध्ये आहेत आणि ते टेबलात कधीच जोडले नव्हते. तेही द्यावे लागतील का?

रेखांश: नाही. टेबलात न मिसळलेली स्वतंत्र फाइल साधित डेटाबेसचा भाग होत नाही. फक्त सर्वेक्षणाची फाइल देण्यापूर्वी तिच्यात एखादा क्रमांक राहून गेला नाही ना, हे तपासा.