मदत हवी आहे: मधुमेह आणि हिरड्यांचा आजार, आधी साखर आटोक्यात आणायची की आधी दात?

नमस्कार मंडळी,

आई ६३ वर्षांची, जालना जिल्ह्यात गावी असते. मधुमेह बराच जुना, बीपीही आहे. गोळ्या वेळेवर घेते, गोड सोडलंय. तरी साडेसातच्या आसपास असणारं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) यंदा ९.१ वर गेलं. याच काळात हिरड्या सुजल्या, ब्रश करताना रक्त येतं, खालचे पुढचे दात हलतात. भाकरी दुधात कुस्करून खाते. मिसरी कमी केलीय, पण सुटलेली नाही. तोंडात चट्टा वगैरे नाही, तेही तपासून घेतलंय.

तालुक्याचे दंतवैद्य म्हणाले, पायोरिया आहे, एक्स-रेत हाड झिजलेलं दिसतंय, भूल देऊन हिरडीच्या आतली सफाई टप्प्याटप्प्यानं करावी लागेल. पण आधी साखर खाली आणा. फिजिशियन म्हणाले, दातांचा साखरेशी काही संबंध नाही, इन्सुलिन सुरू करू. इन्सुलिन लागलं तर घेऊच, आईचीही तयारी आहे. पण तोंडात पू ठेवून नुसते डोस वाढवत राहणं मला पटत नाही.

कारण वाचलं ते उलटंच. साखर वाढली की हिरड्यांची जंतूंशी लढायची ताकद कमी होते, जखम लवकर भरत नाही. आणि हिरड्यांतला दाह रक्तात उतरला की इन्सुलिनचा असर घटतो. म्हणजे दोन्ही आजार एकमेकांना वाढवतात. हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत असं १९९३ सालीच म्हटलं गेलंय. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात तर हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४३ नं उतरल्याचं दिलंय. आकडा छोटा वाटेल, पण आईसाठी तेवढाही मोलाचा आहे. (हृदयविकाराशीही संबंध आढळतो, पण दात साफ केल्यानं अटॅक टळतो असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून ती भीती मी आईला घालत नाही.)

तर विचारायचं हे की, एचबीएवनसी नऊच्या वर असताना कुणाच्या घरी हिरड्यांची सफाई झालीय का? निदान वरवरचं स्केलिंग आधी करून खोल सफाई नंतर, असं कुणा डॉक्टरांनी केलंय का? जखम भरायला त्रास झाला का?

दुसरं, बीपीसाठी आई अ‍ॅम्लोडिपिन घेते. या गोळीनं काहींच्या हिरड्या वाढतात. आईच्याही दोन दातांमधली हिरडी फुगून वर आलीय. गोळी आपल्या मनानं बंद करणार नाही, पण फिजिशियनकडे हा विषय कसा काढावा? कुणाची गोळी बदलल्यावर फरक पडला का?

आणि मावशी-मामींनी आईच्या डोक्यात भरवलंय की मशीननं सफाई केली की दात खिळखिळे होतात. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटण निघाल्यावर ते जाणवतं एवढंच, हे मी सांगून थकले. ज्यांच्या आईवडिलांची सफाई झालीय त्यांनी अनुभव लिहा, मी तिला वाचून दाखवेन.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या विभागात कुणी उपचार घेतलेत का? तिथं एकाच वेळी मधुमेहाच्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो, की जुने रिपोर्ट घेऊन आपणच दोन्हीकडे फिरायचं? नंबर किती वाजता लावावा लागतो? आईला एसटीनं आणायचंय, मुक्कामाची सोय आहे.