मदत हवी आहे: 'सोर्स कोड'चा शेवट कोणी उलगडून सांगेल का?

मंडळी, डंकन जोन्सचा 'सोर्स कोड' (२०११) हा सिनेमा काल दुसऱ्यांदा पाहिला. शेवटाबद्दलच विचारतोय, त्यामुळे पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.

शिकागोला निघालेल्या ट्रेनमधली स्फोटाआधीची तीच ८ मिनिटं लष्करी वैमानिक कोल्टर, शॉन नावाच्या प्रवाशाच्या शरीरात शिरून, पुन्हा पुन्हा जगतो, इथवर पटतं. पण ती मेलेल्या शॉनच्या मेंदूत उरलेली आठवणच असेल, तर शॉन उतरलाच नाही त्या स्टेशनवर कोल्टर उतरून संशयिताच्या मागे कसा जातो? आणि मोहिमेवरच्या अधिकारी गुडविनने कोल्टरला जिवंत ठेवणारं यंत्र बंद केल्यावरही तो जगतो, म्हणजे ते जग खरंच वेगळं झालं. मग तिथला शॉन कुठे गेला? त्या बिचाऱ्या शिक्षकाचं आयुष्य दुसऱ्यानेच घेतलं, हे मला फार टोचतंय. कुणाला याचं उत्तर सापडलंय का?