प्रभावळकर म्हणजे फक्त आबा नव्हे

कुणीतरी लिहिलंय की अभिनेते दिलीप प्रभावळकर म्हणजे 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले आबा, बास. अहो, आबा लाडके आहेतच (आणि ती मालिका त्यांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरून निघाली होती), पण दूरदर्शनवरचा चिमणराव कुठे गेला? 'चौकट राजा'तल्या नंदूची ती अडखळती बोली, भाबडी नजर बघा आणि पाठोपाठ 'झपाटलेला'तला खुनशी तात्या विंचू लावा. दोन्ही सिनेमांत जेमतेम दोन वर्षांचं अंतर! 'हसवाफसवी'त तर एकाच नाटकात सहा भूमिका, त्यातले थकलेले कृष्णराव हेरंबकर माझे सर्वांत आवडते. 'लगे रहो मुन्नाभाई' या हिंदी सिनेमातल्या गांधीजींच्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे छानच, पण हिंदीवाल्यांना त्यांचा पत्ता फार उशिरा लागला.