प्रतिसाद : शंभर किलोमीटरवरून माती कशी ओळखतात?

चंद्रावर न उतरता तिथल्या मातीत लोह किती, ॲल्युमिनियम किती हे केवळ रंगावरून ठरवतात का, असा प्रश्न वर आला आहे. नुसता रंग पुरत नाही. सूर्याचे क्ष-किरण पृष्ठभागावर पडले की तिथले अणू स्वतःचे क्ष-किरण सोडतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या किरणांची ऊर्जा ठरलेली असल्यामुळे (ॲल्युमिनियम १.४९, सिलिकॉन १.७४, लोह ६.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) २०१९ मध्ये निघालेल्या आणि चंद्राभोवती फिरणाऱ्या चांद्रयान-२ वरील ‘क्लास’ हे क्ष-किरण मोजणारे उपकरण ती नेमकी ओळखू शकते. मात्र ही नजर अगदी वरवरची असते, हे ध्यानात ठेवायला हवे. गोव्यातल्या डिचोलीतल्या आमच्या चिऱ्यांच्या (जांभ्या दगडांच्या) कुंपणावर पावसाळ्यात काळपट शेवाळ चढते. छिन्नीने टवका काढला की आत लालभडक, लोहयुक्त चिरा दिसतो. असे उपकरण त्या कुंपणावर रोखले, तरी त्याला प्रामुख्याने ते शेवाळच दिसेल. शिवाय सारा प्रकाशस्रोत सूर्याचा. तो शांत असताना मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन कसेबसे मोजता येतात. लोह आणि टायटॅनियमसाठी मात्र सौरज्वाला उसळण्याची वाट पाहावी लागते, आणि म्हणूनच लोहाचा नकाशा सर्वांत सावकाश भरत जातो.