इंदुरी पोह्यांचं श्रेय होळकरांना का?

काळी_माती
पोहे इंदुरात होळकरांनी आणले, हे वाक्य आपल्या मराठी मंडळींत कुणीही ठोकून देतं. माझा त्याला सरळ विरोध आहे. होळकरांचं मूळ गाव होळ नीरेकाठचं, ज्वारी-बाजरीच्या मुलखातलं. माळव्याची काळी जमीन गहू, हरभरा, कापसाची, आणि एके काळी अफूची. भात ना तिथला, ना इथला. ज्याचं पीकच नाही तो पदार्थ गावभर स्वस्तात मिळायचा, तर माल बाहेरून सतत यायला हवा. माझ्या मते ते रेल्वेनंतरच जमलं असणार. इंदूरच्या त्या रेल्वेमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं ते १८७० साली.

रामबागकर
रेल्वेआधी माल फिरतच नव्हता का? बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडत. त्यात पोहे प्रवासाला उत्तम: साळी भिजवून, भाजून, कुटून ठेवल्या की नुसत्या पाण्यावर भागतं. होळकरांच्या मागोमाग दक्षिणेतून कारकून, भिक्षुक, शिलेदारांची घरं इथे आली. त्यांच्या शिदोरीत पोहे नव्हते, हे मला पटत नाही. आमच्या घरात दडपे पोहे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. घरची आठवण हाही पुरावाच.

सोप_जिरावन
अहो, आधी प्लेटकडे तरी बघा! घरी आपण कांदा फोडणीत परततो, वर ओलं खोबरं घालतो. ठेल्यावर फोडणीत सोप, म्हणजे बडीशेप, पडते, कांदा कच्चा वरून येतो, आणि पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते. म्हणून सकाळभर मऊ, गरम राहतात. शेव हरभऱ्याची, म्हणजे याच मातीतली. वर जिरावन मसाला. ही रीत राजवाड्यातून आलेली वाटत नाही, पहाटे भट्टी पेटवणाऱ्यांची वाटते. त्यांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काळी_माती
शेवेचा मुद्दा एकदम मान्य. रामबागकर, घरची आठवण घरापुरती झाली. गाव रोज पोहे खात होतं, हे त्यावरून कसं ठरवणार?

रामबागकर
जुन्या घरांत मोडीतल्या खर्चाच्या वह्या असतात. ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनी किराण्याची पानं काढावीत: पोहे किती, काय भावाने, दिवाळीलाच की दर आठवड्याला? रेल्वेआधीच्या वहीत आठवड्याला दिसले, तर माझं खरं. फक्त सणाला दिसले, तर तुमचं.