कोड पुश केला (ऑनलाइन चढवला) की तो तपासणाऱ्या टेस्ट आपोआप चालाव्यात, कसं करू?

मंडळी, म्हापशात आम्ही तिघं होमस्टे बुकिंगचं पायथन ॲप करतोय, कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर. टेस्ट आहेत पण चालवायला कोणीतरी विसरतंच, परवा तुटका कोड थेट लाइव्ह गेला आणि एकच खोली दोघांना बुक झाली, फार वाईट वाटलं. टेस्ट आपोआप चालवणारं जेनकिन्स टाकू का?

उत्तर: तिघांसाठी जेनकिन्स नको, तो सर्व्हर तुम्हालाच सांभाळावा लागेल आणि पावसात लाईट गेली की सगळं अडलं. गिटहब ॲक्शन्स घ्या, म्हणजे गिटहबच स्वतःच्या मशीनवर टेस्ट चालवतं, फ्री प्लॅनवर प्रायव्हेट रेपोला (खाजगी ठेवलेल्या प्रोजेक्टला) महिन्याला २००० मिनिटं मिळतात. एक यामल फाईल, तिच्यात पायऱ्या लिहायच्या: चेकआउट (कोड घेणं), पिप इन्स्टॉल (लागणाऱ्या लायब्ररी टाकणं), पायटेस्ट (टेस्ट चालवणं). टेस्ट पास झाल्याशिवाय मर्ज (मुख्य कोडात मिसळणं) अडवायचं तर ब्रांच प्रोटेक्शन ही गिटहबची सेटिंग, पण प्रायव्हेट रेपोला त्याचे पैसे पडतात.

उत्तर: तारखांच्या टेस्ट जपून हां! रनरचं (टेस्ट चालवणाऱ्या गिटहबच्या मशीनचं) घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आमची 'आजचं चेक-इन' टेस्ट दिवसा हिरवी (पास) आणि मध्यरात्रीनंतर पुश केलं की लाल (नापास), दोन दिवस डोकं धरून बसलो. टाइमझोन कोडमध्येच लिहा.

प्रश्नकर्ता: ॲक्शन्स लावलं! पहिलाच रन लाल, फाईलच्या नावात एक अक्षर कॅपिटल होतं, विंडोजवर चालून जायचं, रनरच्या लिनक्सवर फाईल सापडेना. देव बरें करूं.